साळूबाईची चुंबळ

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस कृपादास महाराज प्रवरेकाठच्या माळेवाडीत मुक्कामाला होते. अंगात भगवी कफनी, हातात चिपळ्या, मुखी प्रभू येशूचं नाम. माळेवाडीच्या देवळात ईस्टरच्या सकाळी दगडांची रिकामी कबर रचतात नि आत शास्त्रात लिहिल्याप्रमाणे दोन कापडं ठेवतात: प्रभूच्या अंगावरची चादर, आणि वेगळा गुंडाळलेला डोईचा रुमाल. रुमाल दरसाल शमुवेल मास्तरांच्या घरचा, रेशमी. त्या साली महाराज म्हणाले, "डोईचं कापड साळूबाई देईल."

साळूबाई वीटभट्टीवरची. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं डोक्यावर विटा, आणि विटांखाली त्याच एका फडक्याची चुंबळ. तिनं ते तीनदा धुतलं, वाळवलं, छातीशी धरून देवळात आणलं.

मास्तरांनी ते दोन बोटांत उचललं. पुण्याला ग्रीक शिकून आलेले. विद्या डोक्यात गेली, काळजापर्यंत थेंब उतरला नाही. भरल्या मंडळीत म्हणाले, "शास्त्रात मूळ शब्द आहे सूदारिऑन. राजाच्या मुखावर घालायचं उंची वस्त्र. भट्टीवरची चिंधी नव्हे." आणि फडकं पायरीवर भिरकावलं. चार शहाणे हसलेसुद्धा! देवळात बसून गरिबाला हसणाऱ्यांनी प्रार्थना तरी कोणत्या तोंडानं करावी?

साळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. महाराजांनी एवढंच विचारलं, "मास्तर, अर्थ तोच ना? देवासमोर बोलता आहात."

"तोच," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात मास्तरीणबाई अनवाणी धावत आल्या. लेक मार्था तीन दिवस तापानं फणफणत होती. घाम फुटला तरच ताप उतरेल, असं डॉक्टर सांगून गेलेले, आणि अंग तर तव्यासारखं कोरडं. आता पोरीनं डोळे फिरवले होते. मास्तरांनी महाराजांचे पाय धरले.

"माझ्यापाशी काय आहे?" महाराज म्हणाले. "साळूबाई, पायरीवरचं फडकं घे आणि जा."

साळूबाई हलली नाही. "मास्तर, तुमच्या लेकीच्या कपाळाला चिंधी चालंल का?"

बरं केलं विचारलं! मास्तरांची मान खाली गेली. मग मात्र ती थांबली नाही; फडकं उचलून मास्तरांच्या घरी धावली. राग बापावर होता, लेकरावर कशाला काढायचा?

तिनं ते कोरडं फडकं मार्थाच्या कपाळावर ठेवलं आणि म्हणाली, "प्रभू, तू सुताराच्या घरचा. घाम तुला ठावा हाय." बघता बघता पोरीच्या कपाळावर थेंब उभे राहिले, मानेवरून ओघळले, अंथरूण भिजलं. फडकं तर पिळून काढावं इतकं ओलं झालं. मार्थानं डोळे उघडले आणि आईकडे पेज मागितली. धन्य ती प्रभूची करणी!

मास्तर साळूबाईमागोमाग देवळात परतले ते सगळ्यांसमोर गुडघ्यांवर आले. "खोटं बोललो, महाराज. सूदारिऑन म्हणजे घाम पुसायचं फडकं. मला ठाऊक होतं."

महाराज म्हणाले, "मग माझ्यापुढं का वाकता?"

मास्तर वळून साळूबाईपुढं वाकले. ओलं फडकं कबरेत ठेवायला त्यांनीच मागून घेतलं, पण ते त्यांना गुंडाळता येईना. साळूबाईनं काढून घेतलं, पीळ देऊन गोल चुंबळ वळली नि दगडांमध्ये एका बाजूला ठेवली.

"ओझं उतरलं, मास्तर," ती म्हणाली, "की चुंबळ अशी ठेवत्यात."

मास्तरांनी त्या चुंबळीपुढं कपाळ टेकलं.