कैतान फादरांचं आमेन

“आणि आमेन?”

ब्रदर नेल्सननं विचारलं तेव्हा कैतान फादर उठलेसुद्धा होते. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर.

“पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने…” एवढं म्हणून, कपाळ, छाती, खांद्यांवर क्रुसाची खूण करून, म्हातारा थेट चपला शोधायला लागला होता.

“फादर, आमेन राहिलं.”

“राहू दे की.”

राहू दे! नेल्सनच्या डोक्यात तिडीकच गेली. धर्मगुरू व्हायला तो सेमिनरीत शिकत होता, तिथं उपासनाविधीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि इथं, वसईच्या या चर्चमागच्या बैठ्या घरात, रोज सकाळी हेच. चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत लोकच आमेन म्हणतात, त्यामुळे तिथं निभावून जायचं. घरात मात्र म्हाताऱ्याचं आमेन कधी ऐकू आलं असेल तर शपथ.

पण खरं सांगायचं तर राग कमी आणि धास्ती जास्त होती.

नेल्सनला इथं फादरांच्या सोबतीला पाठवताना बिशपांच्या सचिवांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, “त्यांची स्मरणशक्ती ठीक आहे का, तेवढं बघ. नसेल तर त्यांना वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात हलवू.”

आणि ते सचिव आज जेवायला येणार होते. उत्तर घ्यायला.

नेल्सनला काल झोप लागली नव्हती. जेवताना मासळीचा मोठा तुकडा त्याच्या ताटात सरकवून “मला मेले काटे दिसत नाहीत” म्हणणारा हा म्हातारा. ह्याला ह्या अंगणातून उचलायचं? आणि खोटं बोलावं, तर उद्या वेदीपुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

फादर तोवर परसात पोचले होते. दुधीच्या वेलाचं टोक मांडवाला बांधत होते.

कुंपणाशी फिलुमीनबाय आली. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला. किती दिवसांत फोन नाही. ती बोलत राहिली, फादर हातात सुतळी धरून ऐकत राहिले. मधे एक शब्द नाही.

शेवटी म्हणाले, “येईल फोन, बाय. नाहीच आला तर उद्या परत ये. दोघं मिळून त्याला शिव्या घालू.”

फिलुमीनबाय पदरानं डोळे पुसता पुसता हसली आणि गेली.

नेल्सनला राहवेना.

“फादर, बिचारीसाठी निदान प्रार्थना तरी करायची होती.”

फादरांनी वळून पाहिलं. “चाललीये ना.”

“कुठं?”

फादर पुन्हा वेलाकडं वळले.

झालं. आता शंकाच उरली नाही. नेल्सन मांडवाखालीच बसला.

“फादर… मला आज सचिवांना सांगावं लागणार. तुम्ही विसरता म्हणून.”

“काय विसरतो?”

“आमेन. रोज.”

फादरांनी सुतळीची गाठ मारली.

“विसरत नाही रे, बाळा. प्रार्थना संपलेली नसते.”

“म्हणजे?”

“सकाळी सुरू केली. अजून हा वेल आहे, ती फिलुमीन आहे, तुझे ते सचिव यायचेत. मधेच कसं आमेन म्हणू?”

“…मग म्हणता कधी?”

“रात्री. पाठ टेकली की. कधी कधी त्याआधीच डोळा लागतो.”

“मग?”

“मग झोपही त्यातच जाते.”

सेमिनरीत स्वतः म्हटलेली सगळी चोख, खणखणीत आमेनं नेल्सनला आठवली. प्रत्येक आमेननंतर तो किती घाईनं उठायचा, तेही आठवलं.

फाटकाशी हॉर्न वाजला.

सचिव भले माणूस. आल्या आल्या त्यांनी नेल्सनला दारातच गाठलं. “काय ब्रदर, काही विसरतात का आपले फादर?”

“नाही. स्मरणशक्ती शाबूत आहे. अगदी पूर्ण.”

हे सांगताना त्याचा आवाज जराही कापला नाही.

जेवणाआधी फादरांनी प्रार्थना म्हटली. अन्नासाठी, रांधणाऱ्या हातांसाठी, बोटीवरच्या एका नालायक पोरासाठी… आणि थांबले.

“आमेन!” सचिवांनी सवयीनं दणकून म्हटलं आणि बोंबलाकडं हात नेला.

फादरांनी हळूच नेल्सनकडं बघून डोळा मिचकावला. नेल्सनला हसू आवरेना. पाण्याचा पेला तोंडाला लावून त्यानं कसंबसं निभावलं.

सचिव गेले. आश्रमाचं नावही कुणी काढलं नाही.

ताटं विसळता विसळता नेल्सन एकदम थांबला. मघाचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं, डोळे भरून आले होते.

“फादर…”

“हं.”

“एखाद्या रात्री तुमचा असाच डोळा लागला… आणि सकाळी… म्हणजे, आमेन म्हणायचं राहूनच गेलं तर?”

फादरांनी त्याच्या हातातलं ताट घेतलं. फडक्यानं पुसलं. फळीवर ठेवलं.

“ते तू म्हण,” फादर म्हणाले. “जरा मोठ्यानं म्हण हं. तुझा आवाज चांगला आहे.”