पंख्याने जपलेली अक्षता

यंत्रे आपसात बोलत असत त्या काळी एका गावच्या वाचनालयात एकुलता एक कॉम्प्युटर होता. खंडेनवमीला ग्रंथपाल यमुताईंनी त्याला हळदकुंकू वाहिले, वरून अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून तो चालता चालता बंद पडू लागला.

"आता भंगारातच द्यावा लागणार," यमुताई हळहळल्या.

आत भांडण जुंपले. "ही मेमरीच विसरभोळी!" प्रोसेसर तापून ओरडला. यमुताईंनी पेटी उघडून मेमरीची पट्टी पुसली, परत बसवली. कॉम्प्युटर पुन्हा बंद!

"झालं समाधान?" मेमरी फणकारली. "पण तू एवढा का तापतोस? पंखेदादा, तुम्ही थांबलात का?"

पंखा पुटपुटला, "माझ्या पात्यात अक्षतेचा दाणा आहे. फिरलो तर पडेल. इतकी वर्षं वारा घातला, पण मला कुणी काही वाहिलं ते पहिल्यांदाच."

प्रोसेसर ओशाळला. "दादा, तुमच्या वाऱ्यावर जगलो आणि आभार मानायचे राहूनच गेले."

दाणा सोडून पंखा गरगर फिरू लागला. यमुताईंनी खाली पडलेला दाणा उचलला, स्वतःशीच हसल्या आणि त्या गार वाऱ्यापुढे हात जोडले.