ठकूआईचा निखारा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा काडेपेटी कुणाच्या स्वप्नातही नव्हती आणि विस्तव राखेखाली जपावा लागे. त्या काळी एका राज्यात एक राजा होता. त्याला जन्म देऊन त्याची आई देवाघरी गेली, तेव्हा डोंगरावरच्या खेड्यातून ठकू नावाची दाई आली आणि तिनं त्या तान्ह्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. राजा तिला ठकूआई म्हणे. राजाचा कान धरू शकेल असं साऱ्या राज्यात एवढं एकच माणूस होतं.

पुढे ठकूआई म्हातारी झाली. आता आपली पाळी, असं राजाला वाटलं. तिनं पाण्याचा तांब्या उचलला की दासी धावत. अंगणात जायचं म्हटलं की पालखी हजर. ती तांदूळ निवडायला बसली तर पुढ्यातलं सूप काढून घेतलं जाई, तुळशीला पाणी घालायला उठली तर ते आधीच घातलेलं असे. तू आता नुसती बसून राहा, असं राजा तिला सांगे आणि सांगताना त्याचा ऊर भरून येई. त्याच्या मायेत खोट नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तुम्ही त्याला उगाच नावं ठेवाल.

बसून बसून ठकूआईचे पाय आखडले. मग भूक गेली, झोप गेली, आणि बोलणंही आटलं. राजवैद्यानं काढे दिले, लेप लावले, आणि शेवटी मान खाली घालून सांगितलं, की रोग काही सापडत नाही, पण अशीच राहिली तर ही माउली पुढचा पावसाळा बघायची नाही. राजा तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, तुला जे हवं असेल ते माग.

"माझ्या गावचा इस्तव फिरताना एकडाव बघू दे," ठकूआई म्हणाली. "मंग जायाला मोकळी."

राजानं मेणा सजवला आणि स्वतः तिच्यासोबत निघाला. झुंजुमुंजू व्हायच्या बरंच आधी ते डोंगराच्या पायथ्याशी पोहोचले. चढ चढून मेणा गावाच्या मध्यावर टेकवला, तरी ना कुठे दिवा, ना कुठे धूर. सगळं गाव काळोखात बसलं होतं. गावात माणसं आहेत की नाहीत, असं राजानं सामोऱ्या आलेल्या गावच्या पाटलाला विचारलं. पाटील हसून म्हणाला, जरा वर बघा महाराज.

अगदी वरच्या देवळापाशी एक ठिणगी हलली. एक म्हातारा हातात खापर घेऊन धुनीचा निखारा आणत होता. तो पहिल्या घराशी आला, तिथं चूल पेटली, धूर वर गेला, आणि त्याच घरातून एक म्हातारी तोच विस्तव घेऊन दुसऱ्या घराकडे निघाली. तिथून आणखी कुणी. त्या गावची रीतच तशी होती. रात्री घरोघरच्या चुली विझवायच्या आणि पहाटे देवळातला विस्तव म्हाताऱ्यांनी शेजारच्या घरी पोचवायचा. तरण्यांनी निखाऱ्याला हात लावायचा नाही. तरण्यांनी वाट झाडायची, सुटलेला दगड बसवायचा, काटे उचलायचे, आणि दर वळणावर टेकायला ओटा बांधायचा.

"मागं तुमी दया करून एक शिपाई धाडला होता," पाटील म्हणाला. "म्हाताऱ्यांना तरास नको, तो इस्तव वाटंल म्हणून. लई गुणाचा माणूस. आमी त्याला वाट झाडायला लावला."

राजा ओशाळला, पण त्याची नजर वरून हटेना. एका घरचा म्हातारा ओसरीवरच अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्यापुढे खापर धरलं, त्यानं पडल्या पडल्या फुंकर घातली, निखारा लाल झाला आणि मगच पुढे गेला. त्याच्या फुंकरीवाचून त्या घरची चूल पेटवत नसत. राजानं मोठमोठे किल्ले पाहिले होते, हत्तींच्या झुंजी पाहिल्या होत्या, पण इतकं थोर काही त्यानं पाहिलं नव्हतं. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

आणि मग ती ठिणगी थांबली. मेण्यासमोरच्याच घरापाशी एक म्हातारा गुडघे धरून ओट्यावर बसला होता. पाटलानं सांगितलं, या घरची म्हातारी गेल्या महिन्यात गेली, घरात वडीलधारं कुणी उरलं नाही. वरच्या घरचाच बिचारा पुढे जातो, पण त्याचे गुडघे आता दाद देत नाहीत. खालच्या आळीच्या चुली रोज खोळंबतात.

मेण्याचा पडदा सरकला. ते घर ठकूआईच्या मागेच वारलेल्या भावाचं होतं. तिनं एक पाय खाली टेकवला, मग दुसरा. राजा धावला आणि तिला उचलू लागला.

"हात दे, बाळा," ती म्हणाली. "उचलू नगंस."

राजानं हात पुढे केला. ठकूआई थरथरत उभी राहिली. तिनं ओट्यावरचं खापर घेतलं. थोडं चालली, वळणावरच्या ओट्यावर टेकली, पुन्हा उठली. ती पडली तर, हा एकच विचार राजाच्या मनात होता, पण त्यानं हात तेवढा घट्ट धरला, दुसरं काही केलं नाही. खालच्या घराच्या दारात एक तोंडाचं बोळकं झालेली म्हातारी वाट बघत उभी होती. लहानपणी दोघी एकत्र चिंचा पाडत.

"ठके, किती उशीर केलास गं," ती म्हणाली.

ठकूआई हसली. वर्षभरात राजानं तिचं हसणं ऐकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खाली एकेक चूल पेटत गेली, आणि उजाडलं तेव्हा साऱ्या डोंगरावर धूर उभा होता.

ठकूआईचे पाय मोकळे होईपर्यंत राजा तिथंच राहिला. मग दोघं नगरात परतली. नगरात धुनी नव्हती, पण गल्लीगल्लीत दिवे होते आणि ते राजाचे नोकर लावत. राजानं नगरातल्या उंच पायऱ्या ठेंगण्या केल्या, वाटेवर ओटे बांधले, आणि नगरातल्या म्हाताऱ्यांना विनवलं, की रोज तिन्हीसांजेला शेजारच्या दारचा दिवा तुम्ही लावा. काहींनी नाकं मुरडली. पण शेजारचा दिवा लागला नाही की माणूस चौकशीला जाऊ लागलं, बोलणं होऊ लागलं, आणि राजवैद्याच्या दारची रांग आखूड झाली. राजवाड्याशेजारच्या दारचा दिवा ठकूआई लावी. तिनं पुढे कितीतरी पावसाळे पाहिले आणि एके दिवशी दिवा लावून आली ती शांतपणे निजली.

पुढे राजाही म्हातारा झाला. गादीवर मुलगा बसला. एका संध्याकाळी म्हातारा राजा हातात दिवा घेऊन शेजारच्या दाराकडे निघाला, तेव्हा त्याचा पाय अडखळला. नवा राजा धावत आला आणि दिवा त्याच्या हातून घेऊ लागला. म्हाताऱ्यानं दिवा सोडला नाही.

"हात दे, बाळा," तो म्हणाला. "दिवा राहू दे."

तात्पर्य : म्हाताऱ्या माणसाला आधाराचा हात द्यावा, त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नये.