तारेवरचे नऊ मणी

"मग तो एक मणी गेला कुठं, आबा?"

विश्वंभर गुरुजींनी हे तिसऱ्यांदा विचारलं. धोंडीआबा हातातली मापाची पायली उपडी करून तिच्या बुडाची माती अंगठ्यानं पुसत होते.

खळ्यावर हौसाबाईची ज्वारी मळून, वारवून पडली होती. रास तशी लहानच. मोजायला आबा आले होते. पन्नास वर्षं गावच्या राशी त्यांनीच मोजल्या. अक्षर एक येत नाही. पण आबांनी मोजलेलं कुणी फिरून मोजलंय, असं काही मी पाहिलं नाही. त्या दिवशी पोत्याचं तोंड धरायला मी होतो, म्हणून हे सांगतो.

राशीच्या पलीकडं हौसाबाईची कौतिक बसली होती. सहा वर्षांची पोर. आठ दिवस झाले, शाळेत गेली नव्हती.

गुरुजी तरुण. शिकवायची हौस दांडगी. पहिलीच्या पोरांसाठी त्यांनी पुण्याहून लाकडी मण्यांची पेटी मागवली होती. तार घ्यायची, मोजून दहा मणी ओवायचे, झाला दशक. अशा दहा तारा. शंभर मणी.

"हाताला कळलं की डोक्याला कळतं, आबा. नुसतं घोकून काही होत नाही. सगळी पोरं शिकली. ही एकटी राहिली."

"का बरं?"

"दहा म्हणते, आणि तारेवर नऊच. म्हटलं, परत मोज. तर तारेला हात न लावताच म्हणते, 'लाभ'. आणि पहिल्या मण्यावर बोट ठेवून म्हणते, 'दोन'. एक म्हणतच नाही! हे लाभ तुम्हीच शिकवलंत ना तिला?"

"त्यात शिकवायचं काय? राशीपाशी बसून ऐकलं आसंल."

"आणि पेटीत एक मणी कमी. मी विचारलं, कुठंय? तर तोंड मिटून बसली."

हौसाबाई सुपाआडून बोलली, "नुस्तं इचारलं न्हाई, गुरुजी. सगळ्या पोरांम्होरं मुठी उघडायला लावल्या तुमी तिला. परकराची गाठसुदीक सोडून बघितली."

"अहो, पेटी शाळेची आहे..."

"आसू द्या. चोर म्हनवून घ्यायला माझी पोर आता शाळंत न्हाई येनार. शेरडं राखंल. शेरडं कुनाची झडती घेत न्हाईत."

गुरुजींचे कान लाल झाले. आबांकडं वळून म्हणाले, "आबा, तुम्ही सांगा पोरीला. खरं बोल म्हणावं. मी रागावणार नाही. तुमचा शब्द ती ऐकेल..."

आबांनी पायली राशीत खुपसली. काठोकाठ भरली. वरून हात फिरवला.

"गुरुजी, मी मोजतो. तुमी ध्यान ठेवा. चुकलो तर सांगा."

"मी सांगू? तुम्हाला?"

"मग काय हिला इचारू? शिकलेलं तुमी."

आबा म्हणाले, "लाभ..."

आणि ती पायली पोत्यात आलीच नाही. हौसाबाई सूप टाकून उठली होती, तिनं पदराचा ओटा पसरला होता. त्यात गेली.

"दोन." ही पोत्यात.

"तीन." पोत्यात.

असं करत "धा" झालं. आबा थांबले.

"चुकलात आबा!" गुरुजी उभेच राहिले. "पोत्यात नऊ आहेत."

"व्हय."

"तुम्ही दहा म्हणालात."

"धाच की."

"मग एक कमी नाही का?"

"कशात?"

"पोत्यात!"

"पोत्यात धा हाईत आसं कवा म्हनलो मी?"

गुरुजी बोटांवर मोजू लागले. एकदा करंगळीकडून, एकदा अंगठ्याकडून. दोन्हीकडून दहाच येत होते. मग पोत्यात वाकून बघितलं, जणू ज्वारी बोलेल.

"म्हणजे ती पहिली पायली... ती मोजलीत, पण धरली नाहीत."

"धरली की."

"मग पोत्यात का नाही?"

"लाभ पोत्यात घालत्यात व्हय?" आता आबाच कोड्यात पडल्यासारखे दिसले.

"मग कुणाला देतात?"

"ज्याची रास, त्याला. आदी त्याच्या पदरात. मग फुडचं."

गुरुजी खाली बसले. एक चिमणी राशीवर उतरली, दोन दाणे टिपून गेली. आबांनी तिला हाकललं नाही.

"गुरुजी, पेटीतलं मनी कुनाचं?"

"शाळेचे."

"पोरास्नी काय वाटतंय?"

"पोरांना... माझेच वाटत असतील. पेटी मीच आणतो ना रोज, ह्या पिशवीतून. वर्गात खुर्चीला अडकवतो आणि..."

बोलता बोलता थांबले.

कौतिक त्यांच्या तोंडाकडं बघतच नव्हती. खांद्यावरच्या पिशवीकडं बघत होती. मघापासून.

गुरुजींनी पिशवी काढली. बाहेरच्या कप्प्यात हात घातला. खडूचा चुरा निघाला. एसटीची तिकिटं निघाली. अगदी तळाशी बोटं थांबली.

निळा मणी.

आठ दिवस त्यांच्याच खांद्यावर होता.

"अगं, मग सांगायचं नाहीस का मला..." गुरुजींनी मणी तिला दाखवला.

हौसाबाई म्हणाली, "लाभ दिऊन वर बोलून दावत्यात व्हय, गुरुजी?"

गुरुजींनी पेटी काढली. झाकण उघडलं. मणी आत टाकणार, तर कौतिकचा चेहरा पडला. झाकण मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. शेवटी तो मणी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला, आणि वरून हात तसाच धरून ठेवला.

"कौतिक... माझं चुकलं, बाळ."

पोर उठली. राशीला वळसा घालून अलीकडं आली. चार पावलांवर थांबली. हौसाबाईनं सूप हातात घेतलं होतं, पण पाखडत नव्हती.

"पण आबा, पेटीत तर नव्याण्णवच राहिले..." गुरुजी पार गोंधळून गेले होते. "उद्या ही आली, तर मी शिकवू काय हिला? एक म्हणायला, की..."

आबांनी रिकामी पायली त्यांच्या हातात दिली.

"लाभ तुमच्या खिशात गेला. आता दोनपासनं मोजा, गुरुजी."