संस्थानी स्टुलाचा दाखला

विषय : बाबल मेस्त्री, सुतार, यांचा वृद्धापकाळ मानधनाचा अर्ज. त्रुटी : वयाचा पुरावा नाही.

मेस्त्रींचा हा सहावा हेलपाटा. तहसीलदार निरगुडकरसाहेब कचेरीत तीन स्टुलं मांडून बसले होते. एक नवं, एक वडिलांच्या वेळचं आणि एक संस्थानातलं, दीडशे वर्षांचं म्हणून घेतलेलं. हे तिसरं दिवाणखान्यात मिरवायचं होतं.

"मेस्त्री, हे दीडशे वर्षांचं आहे असा दाखला लिहा. नाहीतर तुमचा अर्ज आत्ता फेटाळतो."

मेस्त्रींनी स्टूल उलटं केलं. खाली पटाशीने कोरलेली त्यांचीच खूण होती. आमच्या कचेरीतल्या प्रत्येक बाकाखाली ती आहे. मी कारकून, पण घाम मलाच फुटला. खरं बोलले तर मानधन जाणार, खोटं लिहिलं तर उभ्या जन्माची पत.

मेस्त्रींनी सावकाश लिहिलं : "साहेबांच्या मते हे स्टूल दीडशे वर्षांचं आहे. ते मी माझ्या हातांनी केलं. खाली माझी खूण आहे. सबब हाच माझ्या वयाचा पुरावा धरावा."

साहेब लाल झाले. "हा काय चावटपणा?"

"चावटपणा कसला, साहेब? स्टुलाचं वय तुम्ही सांगा, त्यावरून माझं मी मोजतो."

साहेबांनी दिवाणखान्यासाठी नवं स्टूल निवडलं. मेस्त्रींचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.