पुरता वाचलेला कायदा

सह्याद्रीच्या कुशीत एक लहानसे राज्य होते. राजधानीला दगडी तट होता, तटाला एकच वेस होती, आणि त्या वेशीवर एक म्हातारा वेसकर होता. राजा पद्मसेन न्यायाला बसे तेव्हा त्याच्या उजव्या हाताला धुंडिराजशास्त्री बसत. राज्याचा कायदा काय म्हणतो एवढे सांगायचे, हे त्यांचे काम. पुढचा निवाडा राजाचा.

शास्त्रीबुवा मोठे प्रेमळ गृहस्थ. पण एका गोष्टीचा त्यांना मनातून अभिमान होता. राज्याचे सगळे कायदे ताम्रपटांवर कोरून देवळाशेजारच्या दप्तरखान्यात ठेवलेले होते. शास्त्रीबुवांना मात्र तिकडे कधी जावे लागत नसे. राजाने विचारावे आणि वचन त्यांच्या ओठांवर हजर असावे. लोक म्हणत, "दप्तरखाना पुरात वाहून गेला तरी काळजी नाही. आपले शास्त्रीबुवा आहेत!" शास्त्रीबुवा "छे, छे" म्हणत. पण ते ऐकायला त्यांना आवडे.

एका वर्षी खालच्या खोऱ्यात पटकीची साथ आली. राजाने वेस बंद करवली. धान्याची पोती तटावरून दोराने वर घेतली जाऊ लागली. आतले माणूस बाहेर नाही, बाहेरचे आत नाही. टोपल्या विणणाऱ्यांचा एक तांडा वेशीबाहेर अडकून पडला होता.

त्या तांड्यातली तुळी नावाची बाई दिवेलागणीला वेशीशी आली. पोटुशी होती. कळा सुरू झालेल्या. उभे राहवत नव्हते, म्हणून तिने दाराच्या लोखंडी खिळ्यांना धरले होते.

वेसकर सिदूने आतून विचारले, "तांड्यात सुईण नाही का, बाई?"

"होती," ती म्हणाली. "काल गेली."

सिदूने वेशीतला लहान दरवाजा उघडला. तुळीला त्याने आपल्याच खोपटात नेले, गावातल्या सुईणीला हाक मारली, आणि स्वतः बाहेर बसून राहिला. तुळीला मुलगी झाली. साथ सरेपर्यंत सिदूने त्या मायलेकींना खोपटाबाहेर येऊ दिले नाही आणि दुसऱ्या कुणाला आत जाऊ दिले नाही. गावात कुणाला काही झाले नाही. पण वेस उघडली होती, हे तर खरेच होते.

कोतवाल रायभानाने सिदूला न्यायसभेत उभे केले.

"महाराज," रायभान म्हणाला, "माझं सिदूशी वैर नाही. पण मागच्या साथीत असंच कुणीतरी दया येऊन तटावरून एक पोटुशी बाई आत घेतली. आठव्या दिवशी माझी लेक गेली. या खेपेला आपण वाचलो. पुढच्या खेपेला?"

रायभानाची लेक सगळ्यांनी अंगणात खेळताना पाहिली होती.

राजाने वळून विचारले, "शास्त्रीबुवा, कायदा काय म्हणतो?"

शास्त्रीबुवांनी डोळेही मिटले नाहीत. "साथीच्या दिवसांत जो वेस उघडील, त्यास राज्याच्या हद्दीबाहेर घालवावे."

राजाला वाईट वाटले. पण कायदा कायदा होता. अमावास्येच्या आत सिदूने राज्य सोडावे, असा निवाडा झाला.

सिदूचा जन्म त्या तटाच्या सावलीत गेला होता. हद्दीपलीकडे त्याचे कुणी नव्हते. तरी त्याने तक्रार केली नाही. जाताना तो शास्त्रीबुवांसमोर थांबला आणि हात जोडून म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणजे तसंच असणार, शास्त्रीबुवा. फक्त त्या बाळंतिणीकडे कुणीतरी बघा. अजून अशक्त आहे ती."

घरी आल्यावर शास्त्रीबुवांना घास गिळवेना. त्यांची बायको द्वारकाबाई पंख्याने वारा घालत समोर बसली होती.

"आमटी निवली की," ती म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"तो म्हणाला, तुम्ही सांगितलंत म्हणजे तसंच असणार."

"मग? तसंच आहे ना?"

"तसंच आहे. मला तसंच पाठ आहे." शास्त्रीबुवांनी ताट बाजूला सारले. "पण ते मी गुरुजींच्या तोंडून ऐकलं होतं, लहानपणी. मूळ ताम्रपट मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही."

द्वारकाबाईने पंखा खाली ठेवला. "मग उठा. ताट मी झाकून ठेवते."

शास्त्रीबुवा तडक राजाकडे गेले. राजा म्हणाला, "तुम्ही सांगितलेलं वचन चुकीचं आहे का?"

"ठाऊक नाही, महाराज. तेच पाहायचं आहे. पाहिलेलं नसताना मी पाहिल्यासारखं बोललो."

एवढ्या मानाच्या माणसाला हे म्हणणे किती जड गेले असेल, ते राजाने ओळखले. "अमावास्येपर्यंत पाहा," तो म्हणाला. "दप्तरखान्याच्या किल्ल्या घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको दोघेही दप्तरखान्यात गेली. शास्त्रीबुवांची नजर आता मंद झाली होती आणि ताम्रपटांवर हिरवा गंज चढला होता, म्हणून द्वारकाबाईने चिंचेचा कोळ आणि काथ्या बरोबर घेतला होता. एकेका राजाचे पट एकेका कडीत ओवलेले होते. शास्त्रीबुवांना कळेना, सुरुवात कुठून करावी? कायद्यांचा सागर पाठ असलेल्या माणसाला एक कायदा शोधता येत नव्हता!

शेवटी ते खाली बसले आणि त्यांनी स्वतःलाच विचारले, आपल्याला नेमके काय हवे आहे? वेस कुणी, कधी, कशासाठी उघडावी, हे हवे आहे. मग त्यांनी वेशीचे पट काढले, साथीचे काढले, हद्दपारीचे काढले. द्वारकाबाई घासत होती, शास्त्रीबुवा वाचत होते. उन्हे भिंतीवरून सरकत दारापर्यंत आली, तेव्हा राजाच्या पणजोबांच्या कडीत ते वचन सापडले.

"साथीच्या दिवसांत जो वेस उघडील, त्यास राज्याच्या हद्दीबाहेर घालवावे." अक्षर न् अक्षर तेच. पण वचन तिथे संपत नव्हते. पुढे कोरले होते, "मात्र प्रसूत होणाऱ्या स्त्रीसाठी वेस उघडल्यास दोष नाही."

"गुरुजींनी अर्धंच सांगितलं होतं," शास्त्रीबुवा पुटपुटले. "किंवा मीच अर्धं ऐकलं."

द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. "चला, आत्ताच सांगू महाराजांना. सिदू तिकडे गाठोडं बांधत असेल!"

शास्त्रीबुवा उठले. दारापर्यंत गेले. आणि परत फिरले.

"काय झालं?"

"हा पणजोबांचा कायदा. त्यानंतर आजोबा गादीवर आले, वडील आले. मधे कुणी तो बदलला असेल तर?"

"आता नसतं काही शोधत बसू नका," ती काकुळतीने म्हणाली. पण तिने चिंचेचे भांडे पुन्हा पुढे ओढले.

आजोबांच्या कडीत एक पट होता. तो वाचता वाचता शास्त्रीबुवांचा आवाज बारीक झाला. "प्रसूत होणाऱ्या स्त्रीसाठी वेस उघडण्याची मुभा यापुढे बंद करण्यात येत आहे."



मग द्वारकाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "हा पट कुणी पाहिलेला नाही. महाराजांना ठाऊक नाही, रायभानाला नाही. इतक्या वर्षांत तुम्हालाही नव्हता. होता तिथे ठेवून द्या ना. एका म्हाताऱ्या माणसाचं घर वाचेल."

शास्त्रीबुवांनाही तेच वाटत होते. तो पट त्यांनी दोनदा कडीत ओवायला घेतला आणि दोनदा खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "सिदूने माझ्या शब्दापुढे हात जोडले, द्वारके. आज मी दयेपोटी हे लपवलं, तर उद्या माझ्या कुठल्या शब्दावर कुणी भरवसा ठेवायचा? आणि रायभान? त्याची लेक गेलेली आहे. त्यालाही खरं तेच ऐकायला मिळालं पाहिजे."

द्वारकाबाईला रडूही आले आणि रागही आला. "मग निदान सगळं तरी वाचा!" असे म्हणून तिने तो पट हातातून ओढून घेतला, पालथा केला, आणि चिंच घेऊन जोरजोरात घासू लागली.

गंजाचा जाड थर सुटू लागला. खाली अक्षरे होती.

शास्त्रीबुवा पटावर वाकले. "कारण की, वेशीबाहेर ओढ्याच्या काठी राजाने बाळंतिणीचे घर बांधिले आहे. तेथे सुईण, औषध व शिधा राजाने सदैव ठेवावा. हे घर चालते आहे तोवर मुभा बंद. घर बंद पडल्यास पूर्वीचाच कायदा लागू."

द्वारकाबाईने नवऱ्याकडे पाहिले. पण या वेळी शास्त्रीबुवा दाराकडे धावले नाहीत. पूर्वीच्या निवाड्यांत या वचनाचा अर्थ कसा लावला होता, तेही त्यांनी शोधले. एक जुना निवाडा निघाला. आजोबांच्या काळी एका वेसकराने अशीच वेस उघडली होती आणि त्याला शिक्षा झाली होती. मात्र शिक्षेआधी राजाने माणूस पाठवून, बाहेरचे घर चालू आहे ना, याची खात्री करून घेतली होती.

"म्हणजे आपणही पाहायला हवं," शास्त्रीबुवा म्हणाले.

दोघे वेशीबाहेर ओढ्याच्या काठी गेली. तिथे एक दगडी जोते तेवढे उरले होते. त्यात तरवड माजला होता आणि एका म्हाताऱ्या धनगराच्या शेळ्या तो ओरबाडत होत्या.

"घर होतं खरं," धनगर म्हणाला. "माझा बाप सांगायचा. ओढ्याला पूर आला त्यात पडलं. पुन्हा कुणी बांधलं नाही."

अमावास्येच्या आदल्या दिवशी सभा भरली. सिदू गाठोडे घेऊनच आला होता. शास्त्रीबुवांनी सगळे पट पुढे मांडले. पणजोबांचा पट वाचला तेव्हा लोकांचे चेहरे उजळले. आजोबांचा वाचला तेव्हा सभा कुजबुजू लागली आणि सिदूने मान खाली घातली. मग त्यांनी तोच पट उलटा केला आणि मागची बाजू वाचली. नंतर जुना निवाडा वाचला. सगळ्यात शेवटी, ओढ्याकाठी काय पाहिले ते सांगितले.

राजाचा चेहरा उतरला. "घर राजाने चालू ठेवायचं होतं," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे कायदा सिदूने मोडलेला नाही. तो आमच्याकडून मोडला आहे."

भर सभेत राजाला "होय" म्हणणे सोपे नव्हते. तरी शास्त्रीबुवा म्हणाले, "होय, महाराज. आणि ते वेळेवर आपल्या कानावर घालणं माझं काम होतं. तेही झालं नाही."

राजा उठला, खाली आला आणि त्याने स्वतः सिदूच्या हातातले गाठोडे घेतले. "घरी जा, सिदू. माझ्या घराने जे करायचं होतं, ते तू तुझ्या खोपटात केलंस."

मग राजाला राहवले नाही. त्याने विचारले, "शास्त्रीबुवा, पणजोबांच्या पटावरच सिदू सुटत होता. त्याच्या विरुद्ध जाणारा पट तुम्ही बाहेर का काढलात?"

"महाराज, त्याला खरोखर सोडवणारी ओळ त्या विरुद्ध पटावरच होती," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी तो लपवला असता, तर पुढे कधी कुणाच्या तरी हाती लागला असता आणि सिदूला पुन्हा इथेच उभं राहावं लागलं असतं."

सगळ्यांचे लक्ष आता रायभानाकडे गेले. तो बराच वेळ त्या ताम्रपटाकडे पाहत होता. पुढे येऊन त्याने पटाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले.

"हे घर उभं असतं," तो म्हणाला, "तर मागच्या साथीतही कुणाला आत घ्यावं लागलं नसतं." मग तो राजाकडे वळला. "महाराज, ते मी बांधून घेतो. माझ्यावर सोपवा."

पावसाळ्याआधी ओढ्याच्या काठी, पुराच्या वर उंचावर, नवे घर उभे राहिले. रायभान रोज तिथे जाई. सुईण आली का, शिधा भरला का, हे स्वतः पाही. पाळणे टांगायच्या कड्या त्याने आपल्या हाताने ठोकल्या.

आणि धुंडिराजशास्त्री? राजाने काही विचारले की ते आता म्हणत, "पाहून सांगतो, महाराज." मग दोघे नवराबायको चिंचेचे भांडे घेऊन दप्तरखान्याची वाट धरीत. शास्त्रीबुवांना हल्ली काही आठवत नाही, असे काही लोक हसून म्हणत. ते ऐकून शास्त्रीबुवाही हसत आणि चालू लागत.

तात्पर्य: कायदा नुसता पाठ असून भागत नाही. तो मुळातून, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून आणि आजही लागू आहे का ते पाहून, आपल्या विरुद्ध असला तरी पुरता सांगावा. कारण अर्ध्या वाचलेल्या वाक्याची शिक्षा निरपराध माणसाला भोगावी लागते.