काचकाकू आणि आठ चिपा

फार वर्षांपूर्वी एका बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीत पक्कड स्क्रूड्रायव्हरला सांगत होती, "काकूच्या जागी दीड व्होल्टच्या चिपा येणार म्हणे, आणि काकूला भंगारात..." तेवढ्यात दार वाजलं, पक्कड गप्प झाली.

काकू म्हणजे वायरलेसची हाक जोरदार करणारा, दिव्यासारखा काचेचा जुना व्हॉल्व्ह. हजार व्होल्ट पचवून तिनं जन्मभर होड्यांना हाका मारल्या होत्या. अर्धवट ऐकलेलं तिला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी तिला खरंच काढून फळीवर ठेवलं आणि तिच्या जागी आठ इवल्या चिपा बसल्या.

त्याच दिवशी धुक्यात एक होडी खडकांकडे निघाली.

"ओरडतोय गं काकू, पण हाक होडीपर्यंत पोचतच नाही," चिपा रडकुंडीला आल्या. "जास्त व्होल्ट घेतले तर जळून जाऊ."

काकूला राहवेना. "जळताय कशाला? एकीची लाट चढते तेव्हा दुसरीची उतरते, म्हणून एकमेकींची हाक पुसताय. कोळी होडी ओढतात तसा एकदम जोर लावा. मी ताल धरते."

तिनं काच टिचटिच वाजवली. आठही लाटा एकदम चढल्या. होडी वळली.

"तुला भंगारात टाकणार, असं ऐकलं होतं बाई," पक्कड ओशाळून म्हणाली.

"जागा गेली, तेवढं खरं," काकू म्हणाली. "आता गप्प बस. पोरींचा ताल चुकतोय."